धुराच्या बाजूचा बांध

महाडहून पोलादपूरकडे निघालं की चैत्राच्या सुमाराला दोन्ही हातांच्या डोंगरउतारांवर धुराच्या बारीक रेघा उभ्या राहिलेल्या दिसतात. तो वणवा नव्हे. वणव्याचा धूर मातलेला असतो, राबाचा धूर गरिबासारखा जमिनीलगत चालतो. त्याचा वास एसटीत शिरला की शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावतो आणि मी खिडकी आणखी थोडी उघडतो. वय साठीला आलं, मास्तरकीतून मोकळा झालो, तरी ही सवय गेली नाही.

दरवर्षी या दिवसांत वाडीवरून फोन येतो. कुडपणच्या वाटेवर आमची वाडी आहे. तिथे आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको सुमन राहतात. सुमनचा फोन आला की समजायचं, राब लावायचा दिवस ठरला. यंदा रेघा दिसायला लागून आठ दिवस झाले. फोन नाही. का नाही ते मला माहीत आहे, आणि तेच लिहायला बसलोय.

आधी राब म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी वेगळंच सांगितलं आहे. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो तुकडा पावसाळ्याआधी भाजून काढतात. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळीच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे गळलेला वाळका पाला, गवत आणि शेवटी मातीचा पातळ हात. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट. आमच्याकडे दुपार कलली की वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून विस्तव पूर्वेच्या टोकाला लावायचा. मग तो वाऱ्याशी भांडत वीत-वीत पश्चिमेला सरकतो आणि माती नीट भाजते. धूर सगळा पूर्वेला जातो. राखणाऱ्या बाया पश्चिमेच्या बांधावर बसतात, कारण त्यांच्या पाठीमागे वाळलं गवत, पेंढ्याच्या उडव्या, गोठे आणि रान असतं. विस्तवाने तो बांध ओलांडता कामा नये. प्रत्येकीच्या हातात जांभळीची हिरवी डहाळी. एखादी जीभ बाहेर आली की डहाळीने झोडपायची. शेजारी पाण्याची एक कळशी. झालं, एवढंच.

आता जगाकडे बघा. आज दर शनिवारी संध्याकाळी दूरदूरच्या शहरांत माणसं एका ओळीत बसतात. तोंड पूर्वेला. दोघांमध्ये अडीच हात अंतर. उजव्या हातात हिरवी डहाळी, समोर दिवा. तासभर कोणी बोलत नाही, मनात रामाचं नाव चालू. दिवा शांत झाला की चिमूटभर राख कपाळाला लावून उठायचं. याला डहाळीपंथ म्हणतात. कुठल्या देशात किती शाखा ते पंथाच्या समितीकडे लिहिलेलं आहे. मी ते पाठ केलेलं नाही. पण पंथाची पुस्तकं मी वाचली आहेत. पूर्वेला तोंड का, तर ज्ञानाचा उदय पूर्वेला. अडीच हात का, तर माणसाचा देह साडेतीन हात, त्यातून एक हात अहंकार वजा. डहाळी का, तर ती जिवाच्या कोवळेपणाचं प्रतीक. लिहिणाऱ्यांची भाषा चांगली आहे. त्यांना कोणी सांगितलं नाही की पूर्वेला तोंड केलं म्हणजे वारा पाठीवर राहतो आणि धूर डोळ्यांत जात नाही. आणि अडीच हात सोडले नाहीत तर एकीची डहाळी दुसरीच्या थोबाडावर बसते.

हे सांगायचं काम माझं होतं.

मी आठ वर्षांचा होतो. शिमगा झाला आणि बाबा गेले, तापाने, चार दिवसांत. आई तेव्हा तिशीचीही नव्हती. घरात माणसांची ये-जा होती तोवर ती भिंतीला टेकून बसलेली आठवते. रडलेली आठवत नाही. बाया आपसात कुजबुजायच्या, हिच्या डोळ्यांना पाणी नाय, बरं लक्षण नाय हे. दिवस झाले, माणसं पांगली, आणि तिसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन फांद्या तोडायला गेली. राब थांबत नाही. माणूस गेला म्हणून रोपं कोणी उसनी देत नाही.

आदल्या वर्षी वाडीत एक प्रकार झाला होता. राब राखायला बसलेल्या दोन जावा कोंबडीवरून भांडल्या. अनसूयाकाकू आणि तिची धाकटी जाऊ. भांडण एवढं रंगलं की दोघी उठून उभ्या राहिल्या, बाकीच्या बघायला वळल्या आणि विस्तव मागच्या मागे बांध चढला. दोन उडव्या जळाल्या. कोंबडी कोणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

म्हणून आमचा राब लावायच्या आधी आई बांधावर उभी राहिली. बाबा गेल्यानंतर चार माणसांत तिने तोंड उघडलं ते त्या दिवशी.

"आज कोण बोलायचं नाय."

"आणि तोंड खाजलं तर गो?" अनसूयाकाकूने विचारलं.

"तर रामाचं नाव घे. मनात. बाहेर काढलंस तर डहाळी तुझ्यावरच बसंल."

बाया हसल्या. मग विस्तव लावला आणि सगळ्या गप्प झाल्या.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मातीखाली विस्तव चालतो तेव्हा तडतडत नाही, कोणीतरी झोपेत दात खावेत तसा करकरतो. पातेऱ्याच्या शिरा आधी लाल होतात, मग पांढऱ्या. मधूनच एखादी जीभ वर येई, कोणाची तरी डहाळी सपकन पडे, परत शांत. आईच्या मांडीला टेकून मी बसलो होतो. तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हुंदका नाही, काही नाही. धूर तर पलीकडे जात होता. डोळे चुरचुरले असं म्हणायलाही तिला जागा नव्हती. अडीच हातांवर बसलेल्या अनसूयाकाकूने ते पाहिलं आणि मान सरळ केली. एरवी तिने सगळ्या वाडीला सांगितलं असतं.

विस्तव बांधापाशी येऊन विझला. त्यानंतर कोणी उठलं नाही. काम संपलं होतं, गुरं परतायची वेळ झाली होती, घरी चुली पेटायच्या होत्या. आठ-नऊ बाया त्या काळ्या तुकड्याकडे तोंड करून बसूनच राहिल्या. मग आईने पुढे वाकून कोमट राखेत बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं, जिथे महिनाभरापूर्वी कुंकू होतं तिथे. तिने ते ठरवून केलं असं मला वाटत नाही. हात सवयीने गेला असेल. पण तिच्या शेजारणीने तेच केलं, आपल्या कुंकवाच्या वर. मग तिच्या पलीकडचीने. ओळीच्या टोकापर्यंत एकेक कपाळ राखेचं झालं. वाडीत त्या दिवशी कोण सवाशीण, कोण विधवा ते कपाळावरून कळलं नसतं.

पंथ तो हाच. एवढाच, आणि यापेक्षा मोठा मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाचा राब होता, त्या परत तशाच बसल्या. वैशाख संपेतो वाडीतले राब संपले, तरी त्या दर शनिवारी बांधावर येत राहिल्या. राखायला काही नव्हतं, म्हणून पातेऱ्याचा छोटासा ढीग करून पेटवायच्या. पुरुष चेष्टा करायचे, "काय गो, कसला राब भाजताय? स्वतःचा?" अनसूयाकाकू म्हणायची, "हां. तुमचा भाजून झालाय, आता आमचा."

आमच्या एकशिक्षकी शाळेचे गुरुजी घाटावरचे. त्यांनी हे शाळेच्या ओट्यावरून दोन-तीन शनिवार पाहिलं आणि चौथ्या शनिवारी बांधाच्या टोकाशी येऊन उभे राहिले.

"येऊ का बसायला?"

"बसा," आई म्हणाली. "पण बोलायचं नाय."

"बोलतोच आहे जन्मभर, बाई," ते म्हणाले आणि चपला काढून बसले.

गुरुजी माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष माझ्याहून कमी आहे. त्यांना बोलायची कला होती. सुट्टीत ते महाडला कोणाकोणाकडे उतरायचे, तिथे त्यांनी हे सांगितलं. मग एक वकील आले, एका डॉक्टरांचं कुटुंब आलं, पोलादपूरच्या कचेरीतले लोक आले. शहरातली माणसं बांधावर बसली की आधी रुमाल पसरायची. त्यांच्या मागे मुंबईला नोकरीला असलेली आमचीच माणसं हे चाळीत घेऊन गेली. तिथून परदेशी.

सगळ्यात आधी गेली ती शेजारच्या गावातली एक परिचारिका, आखातात. तिथे रानही नाही, पातेराही नाही. ती खोलीत निरांजन लावायची, आणि हिरवी डहाळी मिळेना म्हणून बाजारातली कोथिंबिरीची काडी हातात धरायची. तिने आईला पत्र लिहिलं होतं, मीच वाचून दाखवलं. "मावशी, इथे राब नाही, पण गप्प बसलं की बांध सापडतो." आईने ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आज तिकडच्या शाखांत कोथिंबिरीचीच काडी धरतात आणि तिच्या सुगंधावर एक स्वतंत्र व्याख्यान आहे. इंग्लंडात पहिल्या बैठकीला चिमूटभर राखेसाठी कोणी कागद जाळला तर छतावरची घंटा वाजली आणि बंबवाले आले, तेव्हापासून तिथे विजेचा दिवा. बर्फाच्या देशांत हिवाळ्यात डहाळी प्लॅस्टिकची. मला या गोष्टींचं हसू येतं. मग ती कोथिंबीर धरून एकटी बसलेली बाई डोळ्यांपुढे येते आणि हसू जातं. तिने काही चुकीचं केलं नाही. तिच्यापाशी होतं ते तिने हातात धरलं.

चुकीचं मी केलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला, कॉलेजात जाणारा तर वाडीतच पहिला. महाडच्या वसतिगृहात पोरं मला 'राखाडी' म्हणायची, कारण पहिल्या सत्राला मी गेलो तेव्हा कानामागची काजळी निघालेली नव्हती. मी कान घासून घासून सोलवटून घेतले. भाषा घासली. वर्षभरात माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' निघेनासं झालं. सुट्टीत घरी आलो की आईशी छापील बोलायचो आणि ती कौतुकाने ऐकायची.

त्या सुट्टीत गुरुजी म्हणाले, "दिनू, शहरातून लोक माहिती विचारतात. आठ-दहा पानांची पुस्तिका काढू. तू लिही. सुरुवात तुझ्या आईपासून कर, जसं झालं तसं."

जसं झालं तसं! मी कागद घेऊन बसलो. शेण, पातेरा, कोंबडीवरचं भांडण, एक अडाणी विधवा, राख. हे वसतिगृहात कोणाच्या हाती पडलं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. खोटं कशाला सांगू, एवढाच आला. आणि मी लिहिलं: "एके दिवशी ब्राह्ममुहूर्ती कुडपणच्या पठारावर ध्यानस्थ असता गुरुजींच्या अंतःकरणी या मार्गाचे स्फुरण झाले, आणि समोरील वृक्षाची एक हरित शाखा आपणहून त्यांच्या हाती आली." गुरुजी त्या पठारावर एकदाच गेले होते, खानेसुमारीच्या कामाला, भर दुपारी, आणि परत येताना त्यांची चप्पल तुटली होती.

पुस्तिका महाडला छापली. गुरुजींनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. "हे काय लिहिलंस रे?" म्हणाले. मी म्हणालो, असंच लिहितात, गुरुजी. त्यांनी पुस्तिका मिटली आणि म्हणाले, "आता छापून झालंय." त्यांना तेव्हा राग आला असता तर बरं झालं असतं. पण माणसाला आपल्याबद्दलचं खोटं एकदा छापील दिसलं की ते हळूहळू आवडायला लागतं. पुढे पुढे भाषणात ते पठाराचं नाव स्वतःच घेऊ लागले.

आईला वाचता येत नाही. तिने पुस्तिका पदराला हात पुसून घेतली, उलटीसुलटी पाहिली.

"माझं नाव हाय काय रे ह्यात?"

"आहे की," मी म्हणालो. "पुढच्या पानावर."

शेवटच्या पानावर महाडच्या एका भांड्यांच्या दुकानाची जाहिरात होती. तांब्यापितळेची भांडी रास्त भावात. मधोमध कळशीचं चित्र. मी ते पान उघडून तिच्यापुढे धरलं. "ही बघ. राबाची तुझी कळशी."

तिने कळशीवरून बोट फिरवलं. हसली. मग पुस्तिका जुन्या खणात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली. मी दुसऱ्या दिवशी महाडला परतलो, चांगल्या गुणांनी पास झालो, मास्तर झालो. चाळीसेक वर्षं पोरांना निबंध लिहायला शिकवले. त्यात विषय असायचा, सत्याचे महत्त्व.

तोवर माझं वाक्य बोटीत बसलं, विमानात बसलं. किती भाषांत गेलं देव जाणे. मी आयुष्यात जेवढं लिहिलं त्यातलं जगाने वाचलेलं ते एकच. गुरुजी गेल्यावर पंथाने मूळस्थान बांधायचं ठरवलं. पठारापर्यंत बस जात नाही, म्हणून आमचा राबाचा तुकडा मागितला. आईने आनंदाने दिला. म्हणजे चुकून का होईना, जागा बरोबर पडली. आता तिथे काचेच्या भिंतींचा मंडप आहे, संगमरवरावर माझं वाक्य कोरलेलं आहे आणि कुंपणावर पाटी आहे: परिसरात धूर करू नये. परदेशी साधकांना त्रास होतो. कुंपणाच्या पश्चिमेला आमच्याकडे एक छोटा तुकडा उरलाय, राब आता तिथे लागतो.

दोन वर्षांपूर्वी समितीने पंथाच्या विश्वविस्ताराचा मोठा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि पहिलं प्रकरण माझ्याकडे आलं. मूळ लेखक मीच ना. यावेळी मी जसं झालं तसं लिहिलं. कोंबडीसकट. लिहिताना बरं वाटत होतं. म्हटलं, उशिरा का होईना, आईच्या हयातीत होतंय.

महाडला बैठक झाली. समितीचे चिटणीस सभ्य माणूस, आवाज चढवत नाहीत. माझी पानं त्यांनी टेबलावर नीट सारखी करून ठेवली.

"सर, लेखन उत्तम आहे. पण याला आधार काय?"

"मी तिथे होतो."

"आठ वर्षांचे होतात."

"आई आहे अजून. तिला विचारा."

"त्यांच्याबद्दल आम्हा सर्वांना आदरच आहे. पण सर, छापील आधार एकच आहे." त्यांनी पुस्तिकेचा टंकलेला उतारा माझ्याकडे सरकवला. "आणि तो तुमचाच आहे. तेव्हाचं खोटं होतं म्हणता, तर आत्ताचं खरं कशावरून?"

समितीतले दोघे-तिघे गालात हसले. चाळीस वर्षं पोरांची पाठांतरं पकडणारा मास्तर, आणि पकडला गेलो ते माझ्याच निबंधात. मी म्हणालो, निदान माझं नाव तरी काढा त्या वाक्याखालून. चिटणीस म्हणाले, "नाव काढलं तर आधार राहत नाही, सर." मग मला चहा देऊन त्यांनी एक विनंती केली. मूळ पुस्तिकेची एकच प्रत शिल्लक असल्याचं कळतं, माझ्या आईकडे. ती मंडपात काचेच्या पेटीत ठेवायची होती.

गेल्या चैत्रात मी ती आणायला वाडीवर गेलो.

आई ओट्यावर उन्हात बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण पाठ ताठ. पुस्तिका काचेत ठेवणार म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. सुमनला म्हणाली, "काढ गो पेटीतून. खणात हाय." आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, माझं पान उघडं ठेवा. नाय तर कोणाला दिसायचं कसं?"

मी खण सोडला. शेवटचं पान चिकटलं होतं. जपून उघडलं तर पान लाल होतं. कुंकू. थरावर थर, दर पाडव्याला एक. मधोमध कळशीचा नुसता काठ दिसत होता. जे कुंकू पन्नास वर्षं तिच्या कपाळाला लागलं नाही ते भांड्याच्या दुकानाला लागत होतं, आणि ते मी लावायला लावलं होतं.

मला गप्प राहता आलं असतं. पुस्तिका घेऊन निघालो असतो, काचेत पहिलं पान उघडं ठेवलं असतं, आईला मंडपाच्या पायऱ्या चढवत नाहीत. अगदी सोपं होतं.

"आई, हे दुकानाचं पान आहे," मी म्हणालो.

"कसलं?"

"भांड्यांच्या दुकानाची जाहिरात. तुझं नाव नाही यात."

ती पानाकडे बघत राहिली. "आणि कळशी?"

"त्यांचीच."

"मग नाव कोणी काढलं माझं?"

"काढलं नाही कोणी. मी लिहिलंच नव्हतं. गुरुजींनी सांगितलं होतं लिही म्हणून. मला लाज वाटली."

सुमन दारात उभी होती, ती आत गेली. ओट्याखाली कोंबड्या उकरत होत्या. आईने पुस्तिका माझ्या हातातून घेतली नाही, तिच्याकडे परत बघितलंही नाही. मांडीवरचा खण मात्र तिने उचलला, घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"तेव्हा बी.ए. झाला होतास ना तू?"

"व्हायचा होतो."

"बरं," ती म्हणाली.

मग आत तोंड करून हाक मारली. "सुमन, कळशी भर गो. वारा फिरलाय. आजच लावू."

राब आजच लावायचा असं काही ठरलेलं नव्हतं. भाऊ बाजाराला गेलेला. पण ती काठी टेकत निघाली, तिच्या मागून कळशी घेऊन सुमन, शेजारच्या दोघी-तिघी डहाळ्या तोडून आल्या आणि मीही एक डहाळी घेतली. सवयीने पश्चिमेच्या बांधाकडे वळलो. ती जागा माझी लहानपणापासूनची, तिच्या मांडीला लागून.

"इथं नको," आई म्हणाली. "तू पलीकडं बस."

"आई, तिकडं धूर हाय," सुमन म्हणाली.

"ठावं हाय मला."

पूर्वेच्या बांधावर कधी कोणी बसत नाही. तिथे राखण्यासारखं काही नाही. पाठीमागे पंथाचं कुंपण आणि मंडपाच्या काचा. मी जाऊन बसलो, तोंड पश्चिमेला, जगातल्या सगळ्या साधकांच्या उलट. सुमनने माझ्या पायाशीच विस्तव लावला आणि तो माझ्यापासून लांब, त्यांच्या दिशेने सरकायला लागला. धूर उठला आणि अंगावर आला. त्यातून पलीकडची ओळ कधी दिसे, कधी बुजे. आई मधोमध, दोन्ही बाजूंना अडीच अडीच हात मोकळे, हातात जांभळी. तिचे ओठ मिटलेले होते. कोणी बोलत नव्हतं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि माझ्याकडे त्याला धुराचं कारण होतं. बाबा गेले त्या वर्षी तिच्याकडे तेवढंही नव्हतं.

विझल्यावर त्या वाकल्या, राखेत बोटं बुडवली, कपाळांना लावली. माझ्या बाजूची राख केव्हाच गार झाली होती. मी हात लावला नाही. लावू का म्हणून विचारायचं धाडस झालं नाही.

पुस्तिका आता काचेत आहे, पहिलं पान उघडं. परदेशातून आलेले लोक तिचे फोटो काढतात. कुंकवाचा डाग पानापानांतून झिरपून माझ्या वाक्यापर्यंत आलाय. समितीच्या माहितीपत्रकात लिहिलंय की तो गुरुजींच्या हातचा प्रसाद आहे. मी चिटणिसांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. वर्षभर आई माझ्याशी बोलली ती कामापुरती. औषध आणलंस काय, भात नेतोस काय. फोन नेहमी सुमनच करते आणि आई मागून सांगते.

इतकं लिहून उठलो होतो. काल सकाळी सुमनचा फोन आला.

"भावजी, उद्या राब लावतोय. आई विचारतायत, येताय काय."

मी म्हणालो, येतो.

मागून आईचा आवाज आला. सुमनने निरोप दिला. "जागा तिकडचीच हाय म्हणतात."

पहिल्या एसटीने निघालोय. पोलादपूर जवळ आलंय आणि दोन्ही हातांना रेघा उभ्या आहेत. शेजारच्याने नाकाला रुमाल लावला आहे. मी माझा घरीच ठेवून आलोय.